काही त्रास घेऊ नका

ड्रेनोवा,
१ मार्च १९८१

चि. शेफिकास,
दादाचे अ. आ.

तुझं पार्सल सुखरूप पोचलं. कॉफीचा डबा बघून तुझी वहिनी इतकी हरखली की मला वाटलं, आता निदान एक कप तरी नशिबात आहे. कसलं काय! डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं आणि मला नेहमीचं भाजलेल्या जवाचं काळं पाणी मिळालं. इथे दुकानांतून कॉफी गायब आहे, त्यामुळे हायरियाने ती पाहुण्यांसाठी राखून ठेवली आहे. कोणते पाहुणे म्हणून विचारलं तर म्हणाली, येतील ते.

आणि गंमत अशी की पाहुणे खरंच येणार आहेत. आता नीट बसून वाच. नगरपालिकेने आपल्या बाजारपेठेच्या तोंडाशी एक कागद चिकटवला आहे. पेठेची नदीकडची बाजू पाडायची आणि तिथे तीन मजली सुपरबाजार बांधायचा, सरकत्या जिन्याचा. नदीकडचं पहिलं दुकान कुणाचं ते तुला सांगायला नको. आजोबांनी, मग बाबांनी आणि आता मी जिथे रजया शिवतो, तिथे उद्या बायका मोजे आणि बादल्या घ्यायला जिन्यावर उभ्या राहून वर जाणार.

पण त्याआधी सारायेव्होहून एक समिती येऊन पेठ बघणार आहे. राखून ठेवण्यासारखी आहे असं तिने लिहिलं तर एक दगडही हलणार नाही. नाही लिहिलं तर पुढच्या वसंतात बुलडोझर येईल. समितीचे मुख्य कुणी प्रोफेसर लासिच म्हणून आहेत, शब्द चालणार तो त्यांचा. आणि नकाशे काढायला, लिहायला कोण येणार आहे? आपली अल्मासा! तुझ्या लेकीने तुला आधीच सांगितलं असेल, पण मला हे नगरपालिकेच्या शिपायाकडून कळलं, हे तिला सांग.

माझं मत तुला माहीत आहे. मोडकं दिसतं म्हणून पाडतात, नवंकोरं कोण पाडेल? म्हणून दुकानाच्या फळ्या काढून काच बसवायचं मनात आहे, मिठाईवाल्या रमीझने बसवली आहे तशी. त्यावर तुझं मत कळव. एदहेमला सलाम. थंडीत डोकं झाकून जात जा, तिथे तुला कुणी ओरडणारं नाही.

तुझा,
नझिफदादा

गोथेनबर्ग,
१५ मार्च १९८१

ती. नझिफदादास,
शेफिकाचा सलाम व शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ते वाचून झाल्यावर मी एदहेमला ऐकवलं आणि मग आम्ही दोघांनी मिळून तुला नावं ठेवली.

काचेचं नाव काढू नकोस. वरची फळी वर टेकवली की छप्पर आणि खालची खाली पाडली की बाक, अशी सोय तुझ्या काचेला जमणार आहे का? त्या खालच्या फळीवर बसून आई टाके घालायची आणि मी तिला सुया ओवून द्यायची. आणि त्याच फळीवर एक घामाघूम झालेला सुतार येऊन बसला, रजयांचे भाव विचारत राहिला आणि गरज नसताना तीन उशा घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात आणखी दोन. बाबा म्हणाले होते, या माणसाला एक तर दहा डोकी आहेत, नाही तर आपली शेफिका हवी आहे. जिथे माझं एदहेमशी लग्न ठरलं ती फळी तू काढणार, आणि वर माझंच मत विचारणार!

इथे सगळीकडे काचच आहे, दादा. दुकानाशी थांबलं की आत आपलंच तोंड दिसतं. तिथे मी दर उन्हाळ्यात बसमधून उतरले की घरी जायच्या आधी, हातातली बॅग खाली ठेवून, पहिली टेकते ती तुझ्या फळीवर. अजून चार-पाच वर्षांत आम्ही कायमचे परत येणार, हे एदहेमही आता उघड बोलतो. मग मी उतरून बसायचं कुठे? सरकत्या जिन्यावर?

सुपरबाजाराचं वाचल्यापासून मला नीट झोप नाही. तू हसण्यावारी नेतोस, पण मला खरंच भीती वाटते. अल्मासाला मी लिहिलं आहे की मामाला काय करायचं ते सांग. ती हल्ली फार नियमांवर बोट ठेवून चालते, तुझ्यावर गेली आहे असं म्हणता येणार नाही.

हायरियावहिनीला सांग, डब्यातली कॉफी उघडून प्या, मी आणखी पाठवते. लोभ आहेच, तो फळीसकट असाच राहू दे.

तुझी,
शेफिका

सारायेव्हो,
२ एप्रिल १९८१

ती. नझिफमामांस,
अल्मासाचा सा. न. वि. वि.

समिती बारा मे रोजी सकाळी ड्रेनोवात पोचेल. मी तिच्यात काम करते आहे, त्यामुळे भाची म्हणून जे लिहावंसं वाटतं ते सगळं लिहिता येत नाही. एवढंच लिहिते, आणि कृपा करून पेठेत सगळ्यांना सांगा: कसलीही तयारी करू नका. पेठ आहे तशीच आम्हाला बघायची आहे. स्वागत नको, जेवण नको, कुणीही काही त्रास घेऊ नये.

मामीच्या हातची खिमा भरलेली बुरेक डोळ्यांसमोर येते आहे, पण या खेपेला तीसुद्धा नको. मामींना सलाम. राग मानू नये.

आपली,
अल्मासा

ड्रेनोवा,
२० एप्रिल १९८१

चि. शेफिकास,
दादाचे अ. आ.

तुझ्या लेकीचं पत्र आलं. किती चांगल्या वळणाची मुलगी वाढवलीस! लिहिते, काही त्रास घेऊ नका, आहे तसंच राहू द्या, जेवणसुद्धा नको. हायरियाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, शहरात राहून पोरगी रीत विसरली नाही. पाहुण्याने असंच म्हणायचं असतं आणि यजमानाने काय करायचं असतं ते कुणी शिकवायला लागत नाही.

मी ते पत्र पेठेत वाचून दाखवलं. तांबट झुल्फो म्हणाला, सारायेव्होचे लोक स्वतः लिहितात की त्रास घेऊ नका, म्हणजे नक्की जेवायला थांबणार. त्याच दिवशी कामाला सुरुवात झाली. दगडी रस्ता साबणाने घासला आहे. गटाराच्या कडांना आणि झाडांच्या बुंध्यांना चुना लावला आहे. रमीझने कागदाची फुलं आणली. आणि दुकानांच्या फळ्या रंगवायचं ठरलं. झुल्फोचा जावई बसच्या डेपोत आहे, तिथे बस रंगवून उरलेला ऑइलपेंट त्याने विचारून आणला. आकाशी निळा! आता पेठेत शिरलं की वाटतं, सगळी दुकानं आत्ता प्रवासी घेऊन निघतील.

रंगावरून मात्र बिनसलं. झुल्फोला हिरवा हवा होता आणि त्याच्या शेजारचा तांबट स्टोयान निळ्यावर अडून बसला. डबे निळ्याचेच होते, तेव्हा भांडण्यात अर्थ नव्हता, पण दोघं मन लावून भांडले. आता बोलणं बंद आहे. एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून दिवसभर ठोकत बसतात, आणि एकाने जोरात ठोकलं की दुसरा त्याहून जोरात ठोकतो.

माझ्या फळ्या तेवढ्या तशाच राहिल्या. तू सांगितलंस म्हणून, असं समजून खूश होऊ नकोस. ऑइलपेंट आठवडा आठवडा चिकट राहतो आणि मला रोज त्याच फळीवर साटिन पसरायचं असतं. काचवाला जूनशिवाय येत नाही. सबंध पेठ निळीशार आणि पहिलंच दुकान काळंकुट्ट, मान खाली घालायची वेळ आली आहे. शेवटी ठरवलं की त्या दिवशी फळीवर दुकानातली सगळ्यात भारी लाल साटिनची रजई अंथरायची, म्हणजे खालचं लाकूड दिसणार नाही.

काळजी करू नकोस. आम्ही पेठ अशी केली आहे की तिला हात लावायला बुलडोझरलाही लाज वाटेल.

तुझा,
नझिफदादा

गोथेनबर्ग,
५ मे १९८१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, हे काय करून बसलात तुम्ही सगळे! तुझं पत्र आज मिळालं.

अल्मासाने जे लिहिलं ते खरंच लिहिलं होतं. खरंच म्हणजे खरंच. समिती जुनी पेठ बघायला येते आहे. जुनी असेल तरच राखणार. तुम्ही ती नवी करून ठेवलीत, तर त्या प्रोफेसरांनी राखायचं काय, डेपोचा रंग?

तुला दोष कसा देऊ? मलाही हे कळायला इथे येऊन वर्षं घालवावी लागली. आम्ही नवीन होतो तेव्हा शेजारच्या इंग्रिडबाईंनी कॉफीला बोलावलं आणि सांगितलं, येताना काही आणू नका. मी रात्रभर पाकात भिजवलेली बकलावा, दोन प्रकारच्या सारण भरलेल्या पीता आणि लोणच्याची बरणी घेऊन गेले. त्या बिचाऱ्या दारात उभ्या राहिल्या, त्यांच्या टेबलावर मोजून चार बिस्किटं होती. पुढे त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी म्हटलं, आणखी घ्या, तर म्हणाल्या नको, आणि मी आग्रहाची वाट बघत बसले तोवर त्या घरीसुद्धा गेल्या. इथे नको म्हणजे नको असतं, दादा. माझी मुलगी इथे वाढली, शिकायला तिकडे आली. ती बोसनियन बोलते, पण नको म्हणते ते स्वीडिश.

फोन करावा तर तुझ्याकडे फोन नाही. पोस्टात केला तर पोस्टमास्तरीण म्हणाली निरोप देते, आणि मग मलाच सांगत बसली की पेठ किती सुंदर दिसते आहे, तिनेही खिडकी रंगवली.

हे पत्र बारा तारखेच्या आत पोचलं तर रंग खरवडा, रॉकेल लावा, काहीही करा. नाही पोचलं तर आता अल्लाच्या हातात. माझा जीव टांगणीला लागला आहे. एदहेम मला धीर देतो आणि स्वतः बाल्कनीत येरझाऱ्या घालतो.

तुझी,
शेफिका

सारायेव्हो,
१६ मे १९८१

प्रिय आई,
सा. न. वि. वि.

तुझी तार मिळाली. तारेत नुसतं “काय झालं” एवढंच लिहून तू तेवढ्याचे पैसे दिलेस, त्यावरून तुझी अवस्था कळली. आता पहिल्यापासून सांगते.

आम्ही पेठेच्या तोंडाशी गाडीतून उतरलो. प्रोफेसर लासिच पुढे होते. ते थांबले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी त्यांना महिनाभर या पेठेचे फोटो दाखवत होते, काळ्या लाकडाच्या फळ्यांचे. आता त्यांच्यासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा रंग आणि दोन्ही बाजूंना सदऱ्याची वरची गुंडी लावलेली माणसं. त्यांनी मला हळूच विचारलं की आपण बरोबर गावात आलो आहोत ना. मी हो म्हटलं. आई, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सगळे किती आनंदाने बघत होते माझ्याकडे! मामांनी तर मान हलवून मला खूण केली, की बघ, तुझा शब्द खाली पडू दिला नाही.

प्रोफेसरांनी वही काढून काहीतरी लिहिलं. ते फार थोडं होतं, आणि थोडं लिहिण्यासारखं एकच वाक्य असू शकतं हे मला माहीत होतं. मी मनातल्या मनात तुला पत्र लिहायला लागले, की मामांचं दुकान गेलं.

पुढे जाताना त्यांच्या बुटाची नाडी सुटली. बांधायला ते स्टोयानकाकांच्या फळीवर बसले. स्टोयानकाकांनी सकाळी डाग दिसतात म्हणून तिच्यावर आणखी एक हात मारला होता. प्रोफेसर उठायला गेले तर उठता येईना. उठले तेव्हा करड्या पँटचा मागचा भाग आकाशी झाला होता. पेठेत एक माणूस हसला नाही, आणि ते जास्त भयंकर होतं.

मग एकदम सगळे धावले. झुल्फोकाका आतून पेट्रोलची बाटली घेऊन आले, स्टोयानकाकांची बायको चिंध्या घेऊन आली, आणि मामांनी प्रोफेसरांचा दंड धरून त्यांना आपल्या दुकानात, रजयांच्या गठ्ठ्यांमागे नेलं. पँट बाहेर आली. आता त्यांना गुंडाळायला काय? मामांनी इकडे तिकडे बघितलं आणि फळीवर अंथरलेली लाल साटिनची रजई खसकन ओढून त्यांना दिली.

म्हणजे ज्या फळीला त्यांनी सकाळपासून झाकून ठेवलं होतं तीच उघडी पडली. आणि प्रोफेसर रजई लपेटून, नवरदेवासारखे, तिच्यावरच येऊन बसले. हाताने लाकूड चाचपलं. ते तुला माहीत आहे तसंच आहे, मधोमध खोलगट झालेलं, कडेला सुयांची बारीक बारीक भोकं. त्यांनी विचारलं की ही फळी केव्हाची. आणि मामा, आई, मामा लाजेने लाल होऊन म्हणाले की फार जुनी नाही हो, दिसते तेवढी नाही, आणि माफ करा, ही तेवढी रंगवायची राहिली, जूनमध्ये काच बसवतोच आहे. मी मागून त्यांचा कोट ओढत होते. त्यांना वाटलं मला भूक लागली आहे, म्हणून त्यांनी मामीला हाक मारली.

मामीने कपाटाचं कुलूप उघडलं. तू पाठवलेली कॉफी, खरी कॉफी, पेठेत दरवळली तशी आजूबाजूची माणसंही आली. प्रोफेसर दोन्ही हातांत कप धरून, पाय रजईत घेऊन बसले होते.

तेवढ्यात खेड्यातली एक बाई तांब्याचं भांडं घ्यायला आली. झुल्फोकाकांच्या दुकानाशी थांबली, एक भांडं उचललं, वाजवून बघितलं. झुल्फोकाकांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि शेजारी बोट दाखवलं, की माझी बोहनी झाली, त्याची व्हायची आहे, तिकडे घ्या. बाईला नवल वाटलं नाही, ती गेली. स्टोयानकाकांनी तिला भांडं दिलं आणि झुल्फोकाकांकडे बघितलंसुद्धा नाही.

प्रोफेसरांनी मामांना विचारलं की हे दोघं भाऊ आहेत का. मामा म्हणाले छे, गेल्या महिन्यापासून त्यांचं बोलणं बंद आहे, रंगावरून. मग त्यांनी विचारलं की बोलणं बंद आहे तर गिऱ्हाईक का पाठवलं. आई, मामांना तो प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी समजावून सांगावं म्हणून. मग म्हणाले, त्याची बोहनी व्हायची होती ना, तेही जरा मोठ्याने, जणू साहेबांना थोडं कमी ऐकू येतं.

प्रोफेसरांनी रिकामा कप पुढे केला. दुसरी कॉफी मागून घेतली. तोवर पँट आली, ओली, पेट्रोलचा वास मारणारी, पण स्वच्छ. ती घालून ते बाहेर आले, स्टोयानकाकांच्या बायकोच्या हातातली चिंधी घेतली आणि त्या निळ्या फळीचा एक कोपरा घासला. खाली जुनं तपकिरी लाकूड निघालं. ते माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, “रंग निघतो. लिहा, पेठ जुनी आहे.”

मी लिहिलं. आधीचं वाक्य त्यांनी स्वतः खोडलं. अहवाल अजून वर जायचा आहे, तरी त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

आणि हो, ते जेवायलाही थांबले. बुरेक तीन वेळा घेतली. मी त्यांना सांगितलं होतं की आम्ही जेवणार नाही, असं कळवलं आहे. त्यावर मामी म्हणाली की ते आम्ही वाचलं होतं, म्हणूनच दोन तव्यांची केली.

तुझी,
अल्मासा

ड्रेनोवा,
१२ जून १९८१

चि. शेफिकास,
दादाचे अ. आ.

अहवाल आला. नगरपालिकेच्या कागदावर आता दुसरा कागद चिकटवला आहे. पेठ राखायची, एकही दुकान पाडायचं नाही, सुपरबाजार बसस्टँडपलीकडच्या मोकळ्या जागेत. मी वाचलं, हायरियाला ऐकवलं, मग दुकानात जाऊन साटिन कापायला बसलो आणि एकच माप तीनदा घेतलं. तुला म्हणून सांगतो. मी हसत होतो ना, ते वरवरचं होतं. रोज फळ्या उघडताना वाटायचं की हे आता किती दिवस.

तुझं पत्र समितीच्या दुसऱ्या दिवशी आलं. पेठेत वाचून दाखवलं, पण कुणाचा विश्वास बसला नाही. स्टोयान म्हणतो, प्रोफेसर आमच्या स्वागताने खूश झाले हे उघड आहे, तीन वेळा बुरेक घेतली, आता बहिणीला दुखवू नका, हो म्हणा.

अटी मात्र कडक आहेत. शरद ऋतूच्या आत निळा रंग निघाला पाहिजे आणि यापुढे दर्शनी भागात खिळासुद्धा विचारल्याशिवाय ठोकायचा नाही. म्हणजे माझी काच गेली. रमीझचीही निघणार. त्याचं दुःख हलकं करायला तो रोज माझ्या फळीवर येऊन बसतो आणि माझाच जवाचा काढा पितो. सगळे खरवडत बसले आहेत, पेठेत चालताना बुटांना निळे पापुद्रे चिकटतात. झुल्फो आणि स्टोयान आता बोलतात, पण कुणी आधी खरवडायचं यावरून पुन्हा बंद होईल असं दिसतं.

प्रोफेसरांनी पत्र पाठवून ती लाल रजई मागवली. त्यांच्या बायकोला दाखवायची आहे म्हणे. मी कोपऱ्यात एक टाका निळ्या दोऱ्याने घातला आहे.

एदहेमला सांग, उशा अजून मिळतात.

तुझा,
नझिफदादा

गोथेनबर्ग,
२३ जून १९८१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पोस्टमनसमोरच फोडलं आणि दारातच रडले. त्याने घाबरून विचारलं की कुणी गेलं का. मी सांगितलं, नाही, राहिलं. त्याला काही कळलं नाही, पण पाठीवर हात ठेवला त्याने.

आम्ही जुलैच्या अखेरीस निघतो, बैरामच्या सणाला तिथे असू. या खेपेला सबंध महिना राहणार. आणि दादा, हायरियावहिनीलाही वाचून दाखव: आमच्यासाठी काही करू नका. तुम्हा दोघांचं आता वय झालं, त्यात रमझानचे उपास. खोली आहे तशीच असू दे, आम्ही काही पाहुणे नाही. मी हे मनापासून लिहिते आहे, उगाच म्हणायचं म्हणून नाही. काहीही त्रास घेऊ नका.

तुझीच,
शेफिका

ड्रेनोवा,
२ जुलै १९८१

चि. शेफिकास,
दादाचे आणि वहिनीचे अ. आ.

पत्र पोचलं. तू मनापासून लिहिलंस हे कळलं. हायरियाने ते दोनदा वाचायला लावलं आणि ती लगेच गालिचे नदीवर धुवायला घेऊन गेली.

तुमची खोली रंगवून झाली आहे. पेठेतले दोन डबे उरले होते, फेकून कसे द्यायचे? खिडकी, दार आणि पलंगसुद्धा आकाशी केला आहे. छताला झुल्फोने हात लावला, स्टोयानने खालून शिडी धरली. अल्मासा कळवते की कायदा बाजारपेठेच्या दर्शनी भागापुरताच आहे, घराच्या आतल्या बाजूला लागू नाही. मी मुद्दाम विचारून घेतलं. पलंगावर नवी रजई आहे. बकलावाचे अक्रोड निवडून ठेवले आहेत, कोकरू ठरवलं आहे, आणि कपाटातला डबा तुम्ही आल्याशिवाय उघडायचा नाही असा हुकूम आहे, तेव्हा लवकर या.

दुकानाच्या फळीला मात्र मी हात लावलेला नाही. साधी पुसलीसुद्धा नाही. तेवढं तुझं ऐकलं आहे. बस दुपारी येते. त्या वेळी मी ती खाली पाडून ठेवीन आणि कुणाला बसू देणार नाही, रमीझलासुद्धा.

तुझा,
नझिफदादा